हातउसनी कातडी

तोंडाच्या कॅन्सरच्या वॉर्डात एखाद्या रुग्णाच्या डाव्या मनगटाला चिकटपट्टी गुंडाळलेली असते आणि तिच्यावर पेनानं लिहिलेलं असतं : 'या हाताला सुई नको'. रात्रपाळीच्या सिस्टर येतात, सलाइनसाठी शीर शोधायला हात पुढं ओढतात, पट्टी वाचतात आणि दुसऱ्या हाताकडं वळतात. नातेवाईक बुचकळ्यात पडतात. दुखणं गालाला, गाठ मानेत, मग या हाताला एवढं का जपायचं? ऑपरेशनच्या आधी डॉक्टर समजावून सांगतात. गालाचा जो भाग काढावा लागणार तिथं या मनगटाच्या वरची कातडी बसवायची आहे. त्या कातडीतलं रक्त परत नेणारी शीर सुईनं सुजली, आत गुठळी झाली, तर नवा गाल बसायच्या आधीच बिघडेल.

मग रुग्णाचे प्रश्न सुरू होतात आणि ते जवळजवळ सगळे तोंडाचे असतात. जेवता येईल का, बोलणं कळेल का, चेहरा कसा दिसेल. हाताचं काय होणार, हे फारसं कुणी विचारत नाही. पण या शस्त्रक्रियेमागचं शरीररचनाशास्त्र बारकाईनं पाहिलं, तर त्यातला निम्म्याहून अधिक विचार मागं राहणाऱ्या हाताचा आहे, असं माझं मत झालं आहे. नवा गाल जगवण्यापेक्षा, तो काढून घेतल्यावर हात पूर्वीसारखा चालता ठेवणं हे जास्त कसबाचं काम आहे.

आधी, कातडी आणायची गरजच का पडते ते पाहू. भारतात दर वर्षी सव्वा लाखाहून जास्त लोकांना तोंडाच्या कॅन्सरचं निदान होतं. गालफडात तंबाखूचा बार धरणं, दातांना मिश्री लावणं, गुटखा, सुपारी ही त्याची कारणं घराघरांत माहीत आहेत. महाराष्ट्रात २०१२पासून गुटख्यावर बंदी आहे. बंदीही आहे आणि गुटखाही आहे. गाठ काढताना तिच्याभोवतीचा निरोगी दिसणारा सेंटिमीटरभर भागही काढावा लागतो. म्हणजे बोराएवढ्या गाठीसाठी तळहाताच्या निम्म्या आकाराचं भगदाड पडतं. ते कडा ओढून शिवलं तर जखम भरते, पण भरताना आक्रसते आणि तोंड उघडेनासं होतं. जिभेचं तसंच. अर्धी जीभ काढून उरलेली तोंडाच्या तळाशी टाचली, तर ती वर उचलत नाही, घास मागं ढकलला जात नाही आणि 'त', 'द', 'ल' ही अक्षरं बोबडी होतात.

त्या जागी जे बसवायचं ते पातळ हवं, मऊ हवं, दुमडेल असं हवं. लाळेत सतत भिजूनही टिकायला हवं. त्यानंतर रेडिएशन द्यायचं असतं, म्हणून त्याला स्वतःचा रक्तपुरवठा हवा. नुसती सोलून लावलेली कातडी तिथं तग धरत नाही. आणि त्याच्या रक्तवाहिन्या इतक्या लांब हव्यात की तोंडातून जबड्याखालून मानेपर्यंत पोचतील, कारण त्यांना जोडून घेणाऱ्या वाहिन्या मानेत आहेत. अंगावर अशी जागा शोधू गेलं तर फार थोड्या सापडतात. कोपर ते मनगट हा भाग, ज्याला पुस्तकांत अग्रबाहू म्हणतात, त्याची तळव्याकडची बाजू त्यांतली एक.

चेहरा दुरुस्त करण्यासाठी हाताकडं वळण्याची कल्पना जुनी आहे. इटलीतल्या बोलोन्या इथल्या गास्पारे तालियाकोत्सी यानं १५९७मध्ये एक ग्रंथ छापला. त्यात कापलेलं नाक दंडाच्या आतल्या कातडीनं कसं घडवायचं याची चित्रं आहेत. कातडीचा पट्टा एका टोकाला दंडालाच चिकटलेला ठेवायचा, दुसरं टोक नाकाला शिवायचं, आणि हात डोक्याला बांधून दोन-तीन आठवडे तसंच राहायचं. आपल्याकडची रीत वेगळी होती : कपाळाची कातडी फिरवून नाकावर आणायची. ती युरोपला ठाऊक झाली पुण्यामुळं. इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा मराठा १७९२च्या लढाईत टिपूच्या हाती लागला. त्याचं नाक आणि एक हात तोडण्यात आला. पुढं पुण्याजवळ विटा करणाऱ्या जातीतल्या एका माणसानं त्याला कपाळाच्या कातडीचं नाक करून दिलं. ऑक्टोबर १७९४च्या लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये ही हकिगत चित्रासह छापून आली आणि जोसेफ कार्प्यू या इंग्रज सर्जननं १८१४मध्ये तिचा प्रयोग लंडनमध्ये केला. त्या कारागिराचं नाव मात्र कुणी लिहून ठेवलं नाही.

दंडाची काय किंवा कपाळाची काय, दोन्ही रीतींत एक बंधन सारखं होतं. कातडी मूळ जागेपासून पूर्ण सोडवता येत नव्हती, कारण सोडवली की तिचं रक्त तुटे. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हेच चाललं. गालाला कपाळाची कातडी लावायची, नाहीतर छातीची वर ओढायची आणि तीन आठवड्यांनी देठ कापायचा. १९७९नंतर छातीचा स्नायू कातडीसकट वर आणण्याची पद्धत रूढ झाली. ती खात्रीची आहे, आजही वापरतात, पण तोंडात तो मांसाचा गोळाच होऊन बसतो.

धमन्या शिवण्याची विद्या अलेक्सी कारेलनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला घालून दिली होती. त्याला १९१२चं नोबेल मिळालं. पण दोन-तीन मिलिमीटरच्या वाहिन्या भरवशानं शिवता येऊ लागल्या त्या १९६०मध्ये ऑपरेशनच्या टेबलावर सूक्ष्मदर्शक आल्यावर. १९७३मध्ये ऑस्ट्रेलियात जांघेतली कातडी पायाच्या घोट्यावर नेऊन जगवली गेली. आता कातडी पूर्ण तोडून, हवी तिथं नेऊन, तिथल्या रक्तवाहिन्यांना जोडता येत होती. असल्या तुकड्याला फ्लॅप म्हणतात आणि त्याच्या धमनी-शिरांच्या जोडीला देठ. प्रश्न एवढाच उरला की कुठला तुकडा सोयीचा. चीनमधल्या शेनयांगच्या लष्करी रुग्णालयात यांग ग्वोफान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अग्रबाहूची कातडी रेडियल धमनीवर उचलून दाखवली आणि १९८१मध्ये ते काम प्रसिद्ध केलं. तिथं तिचा उपयोग भाजून आक्रसलेल्या माना सोडवण्यासाठी होत होता. दोन वर्षांत ती ग्लासगोला पोचली आणि डेव्हिड सूटार यांच्या गटानं ती तोंडाच्या आत बसवली. जुने सर्जन अजून तिला 'चायनीज फ्लॅप' म्हणतात.

तर ही कातडी रक्त कुठून घेते? तुमचा डावा हात तळवा वर करून टेबलावर ठेवा. मनगटाच्या घडीपाशी अंगठ्याच्या बाजूला नाडी लागते, ती रेडियल धमनी. मूठ वळून मनगट थोडं आत वाकवलं की नाडीच्या शेजारी, करंगळीच्या बाजूला एक जाड दोरी उठते. ती फ्लेक्सर कार्पी रेडियालिस या स्नायूची कंडरा. नाडीच्या दुसऱ्या बाजूला, कोपराकडून उतरणारा मांसल उंचवटा आहे, तो ब्रेकियोरेडियालिस. धमनी या दोघांच्या मधून धावते. कोपराच्या खळगीखाली दंडाची मोठी धमनी दुभंगते; एक फाटा रेडियल, दुसरा अल्नर. रेडियल फाटा वरच्या अर्ध्या वाटेत ब्रेकियोरेडियालिसच्या पोटाखाली दडलेला असतो आणि खालच्या अर्ध्या वाटेत कातडीच्या अगदी जवळ येतो. म्हणून तर वैद्याला नाडी मनगटाशी सापडते.

आता महत्त्वाचं. धमनीपासून कातडीला जाणाऱ्या फांद्या स्नायूंतून जात नाहीत. त्या दोन स्नायूंच्या मधल्या पातळ पडद्यातून वर येतात. हा पडदा खाली रेडियस हाडापर्यंत पोचतो आणि वर स्नायूंना गुंडाळणाऱ्या पांढऱ्या आवरणाला, फॅसियाला मिळतो. फांद्या साधारण ९ ते १७ असतात, केसासारख्या, आणि फॅसियाशी पोचल्या की पंख्यासारख्या पसरतात. त्यामुळं धमनी आणि हा पडदा एकसंध ठेवला, तर एवढ्याशा देठावर जवळजवळ अख्ख्या अग्रबाहूची कातडी जगू शकते. पडद्याला चुकून कात्री लागली तर मात्र धमनी शाबूत, कातडीही शाबूत, आणि दोघांचा संबंध तुटलेला. शिकाऊ डॉक्टरला पहिला धडा मिळतो तो हाच : कंडरेच्या बाजूनं ये, ब्रेकियोरेडियालिसच्या बाजूनं ये, पण मधल्या पडद्याला हात लावू नकोस, धमनीच्या खालून जा.

रक्त परत जायला दोन वाटा आहेत. धमनीच्या दोन्ही अंगांना बिलगून दोन बारीक शिरा जातात. शिवाय कातडीखाली अंगठ्याच्या मुळापासून वर चढणारी सेफॅलिक शीर आहे, बारीक माणसांच्या हातावर ती निळी उठून दिसते. सलाइन लावणाऱ्यांची ती लाडकी, आणि वॉर्डातल्या त्या चिकटपट्टीचं कारणही तीच. कोपराच्या खळगीत या दोन्ही वाटा एका आडव्या फाट्यानं जोडलेल्या असतात. सर्जननं देठ तिथपर्यंत सोडवला तर एकच मोठी शीर जोडून दोन्हींचं काम भागतं. एवढ्या वर गेलं की देठ १५ ते २० सेंटिमीटर लांब मिळतो आणि धमनी दोन-अडीच मिलिमीटर जाड. मानेत जोडणी करणाऱ्याला याहून जास्त काही मागायचं नसतं. गाठ काढलेल्या बाजूला मान रेडिएशननं खराब झाली असेल, तर देठ पलीकडच्या बाजूलाही पोचतो.

पण ही धमनी हाताच्या मालकीची आहे. जांघेतली किंवा पाठीतली फांदी घेतली तर तिथल्या मुख्य वाहिनीला धक्का लागत नाही. इथं मुख्य दोनांपैकी एक मनगटापासून कोपरापर्यंत उचलून न्यायची आहे. हाताचं चालतं, कारण तळव्यात निसर्गानं सोय करून ठेवली आहे. अल्नर धमनी करंगळीच्या बाजूनं येऊन तळव्यात एक कमान करते, रेडियल अंगठ्याच्या बाजूनं येऊन त्याहून खोल दुसरी कमान करते, आणि बहुतेकांत या कमानी एकमेकींना जोडलेल्या असतात. एकीचं रक्त बंद झालं तरी दुसरी पाचही बोटांना पुरते. बहुतेकांत, सर्वांत नाही. काहींची कमान अर्धवट असते आणि अंगठा, क्वचित तर्जनीही, एकट्या रेडियल धमनीवर जगत असते. अशा माणसाची ती धमनी काढली तर अंगठा गमावण्याची वेळ येऊ शकते.

हे आधी ओळखण्यासाठी जी तपासणी करतात तिला लागतात फक्त डॉक्टरचे दोन अंगठे. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे एडगर ॲलन यांनी ती १९२९मध्ये सांगितली, तीही वेगळ्याच आजारासाठी, तंबाखू ओढणाऱ्यांच्या हातापायांच्या वाहिन्या बुजतात त्या तपासण्यासाठी. तिचं सुधारलेलं रूप आज वापरात आहे. रुग्णाला मूठ घट्ट आवळायला सांगायची. डॉक्टर मनगटावर दोन्ही धमन्या दाबून धरतात. मग मूठ सैल सोडायची. पूर्ण ताणून उघडायची नाही, नाहीतर ताणानंच तळवा पांढरा राहतो आणि चाचणी फसते. तळवा आता पांढराफटक असतो. अल्नरवरचा अंगठा उचलायचा, रेडियलवरचा तसाच ठेवायचा, आणि बघायचं. पाच-सात सेकंदांत करंगळीपासून अंगठ्याकडं लाली पसरत गेली तर हात एका धमनीवर निभावेल. दहा-पंधरा सेकंद झाले तरी अंगठा फिका असेल तर तो हात सोडून द्यावा, निदान डॉपलर यंत्रानं तपासल्याशिवाय तरी. सावळ्या, कष्टाच्या कामानं घट्टे पडलेल्या तळव्यांवर ही लाली नीट दिसत नाही. अशा वेळी अंगठ्याला पल्स ऑक्सिमीटर लावून त्याच्या पडद्यावरची लाट परत उठते का ते पाहतात. कोव्हिडनंतर हे यंत्र आता घरोघरी झालंच आहे.

एवढ्यावरही टेबलावर शेवटची खातरजमा असते. फ्लॅप सगळ्या बाजूंनी सुटला, नुसता देठावर लोंबतो आहे, अशा वेळी मनगटाकडच्या टोकाला धमनीवर चिमटा लावतात, रक्त रोखायला दंडावर बांधलेला दाबपट्टा सोडतात आणि थांबतात. फ्लॅपच्या कडांतून रक्त येतं का हे एकजण पाहतो. दुसऱ्यानं अंगठ्याचं नख पाहायचं. नख गुलाबी झालं नाही तर पायातली शीर काढून धमनीची तूट भरून काढावी लागते. असा प्रसंग फार विरळा, पण त्याची तयारी ठेवलेली असते.

याच धमनीवर आजकाल आणखी तीन खात्यांचा डोळा आहे. हृदयाची अँजिओग्राफी पूर्वी जांघेतून व्हायची, आता बहुतेक ठिकाणी मनगटातून होते, आणि त्यानंतर काहींची रेडियल धमनी मुकाट्यानं बुजते. अल्नर सांभाळून घेते म्हणून कुणाला कळतही नाही. बायपास करणारे सर्जन हृदयाला जोडण्यासाठी हीच धमनी काढतात. मूत्रपिंड निकामी झालेल्यांच्या मनगटावर डायलिसिससाठी हीच धमनी सेफॅलिक शिरेला जोडून फिस्टुला करतात. पन्नाशीतला तंबाखू खाणारा माणूस हृदयाचाही रुग्ण असण्याची शक्यता दांडगी, तेव्हा 'अँजिओग्राफी कुठल्या हातातून झाली?' हा प्रश्न विचारायला विसरणं परवडत नाही. रुग्णानं न विचारता सांगितलं तर आणखी चांगलं.

काही माणसांत धमन्यांची मांडणीच वेगळी असते. अल्नर धमनी एरवी स्नायूंच्या खाली खोल जाते. शंभरात काही जणांत मात्र ती दंडातच लवकर फुटून स्नायूंच्या वरून, कातडीच्या लगत उतरते. दाबपट्टा बांधलेल्या हातात धमनी धडधडत नाही. ती शिरेसारखीच एक पोकळ नळी दिसते. फ्लॅप करंगळीच्या बाजूनं उचलायला सुरुवात झाली आणि ही 'शीर' आडवी आली म्हणून बांधून कापली, तर काय झालं ते लक्षात घ्या : रेडियल धमनी आपण नेणारच आहोत आणि अल्नरही आत्ताच गेली. हाताला काहीच उरलं नाही. म्हणून जाणता सर्जन पट्टा बांधायच्या आधी पूर्ण अग्रबाहूवरून बोटं फिरवतो आणि जिथं नाडी लागू नये तिथं लागते का ते चाचपतो. दोन मिनिटांचं काम. घाईच्या दिवशी नेमकं तेच राहून जातं. रेडियल धमनीही काहींत दंडातच वर फुटलेली असते, पण तिचा त्रास कमी. उलट देठ आणखी लांब मिळतो.

आता कातडी उचलल्यावर मागं जे राहतं त्याकडं येऊ. मनगटाजवळ कातडीखाली मांस जवळजवळ नसतंच, नुसत्या कंडरा. त्यांच्यावर एक पारदर्शक आवरण असतं, पॅराटेनॉन. उकडलेल्या अंड्याच्या कवचाखाली पापुद्रा असतो तसं, आणि तितकंच सहज निघून येणारं. त्यातल्या बारीक केशवाहिन्यांवर मांडीची सोललेली कातडी रुजते. तो पापुद्रा निघाला तर खाली उघडी, कोरडी, मोत्यासारखी चकचकीत कंडरा राहते आणि तिच्यावर काही रुजत नाही. लावलेली कातडी काळी पडते, कंडरा आठवडे न् आठवडे उघडी राहते, वाळते, बोटं आखडतात. गालाचं ऑपरेशन शंभर टक्के यशस्वी झालं तरी माणूस हाताच्या ड्रेसिंगसाठी दोन महिने बसच्या फेऱ्या मारत राहतो. म्हणूनच अलीकडं पुष्कळजण फॅसिया हातावरच ठेवून त्याच्या वरून कातडी सोडवतात आणि फक्त मधल्या पडद्यापाशी खोल उतरतात. वेळ जास्त लागतो, नजर चांगली लागते, पण कंडरा झाकलेल्या राहतात. मला ही रीत उजवी वाटते. जुन्या रीतीवाले म्हणतात, फॅसियासकट उचललेला फ्लॅप जास्त बिनधोक. पण फॅसियाविना उचललेले फ्लॅप सरावलेल्या हातांत तेवढेच जगतात, हे आता पुरेसं दिसून आलं आहे.

दुसरी जपायची वस्तू म्हणजे रेडियल चेतेची वरची फांदी. ती ब्रेकियोरेडियालिसच्या कंडरेखालून मनगटाच्या आठ-नऊ सेंटिमीटर वर बाहेर येते आणि अंगठ्याच्या मागच्या बाजूला स्पर्श पुरवते. नेमकी सेफॅलिक शिरेच्या शेजारून जाते, त्यामुळं शीर घेताना ती ताणली जाते किंवा कापली जाते. मग अंगठ्याची मागची बाजू बधिर. नुसता बधिरपणा माणसं सोसतात. पण कापलेल्या चेतेच्या टोकाला गाठ झाली तर घड्याळाचा पट्टा किंवा बांगडी नुसती टेकली तरी कळ जाते, आणि ते सोसवत नाही.

बांगडीचा विषय निघालाच आहे. मनगटाच्या वरचा तो खोलगट, वेगळ्या रंगाचा चौकोन बाही वर केली की दिसतो. पुरुष म्हणतो जाऊ द्या. बाईला हळदीकुंकवाला हात पुढं करायचा असतो. मिश्री लावणाऱ्या बायका आपल्याकडच्या वॉर्डांत काही थोड्या नाहीत, आणि त्यांना हे आधी चित्र काढून दाखवायला हवं. फ्लॅप मनगटाच्या घडीपासून दोन-तीन बोटं वर सरकवला तर कंडराही कमी उघड्या पडतात आणि वणही बाहीत जातो; देठ तेवढा आखूड होतो, पण गालासाठी पुरतो. जुन्या बायकांच्या अग्रबाहूवर गोंदण असतं. ते कातडीबरोबर तोंडात जातं. पुरुषांच्या हातावरचे केसही जातात आणि नव्या गालाच्या आत वाढतात. रेडिएशन मिळालं तर बहुधा झडतात, नाहीतर त्रास देतात. केसांची अडचण टाळायला काही सर्जन करंगळीच्या बाजूची कातडी अल्नर धमनीवर घेतात. तिथं केस कमी आणि वण आतल्या अंगाला. पण मग हाताची मोठी धमनी गेली, शिवाय अल्नर चेता तिला चिकटूनच आहे. मला तो सौदा महाग वाटतो.

गरजेनुसार या फ्लॅपबरोबर आणखीही काही काही नेता येतं. अग्रबाहूच्या बाहेरच्या अंगाला स्पर्श देणारी एक चेता फ्लॅपमधूनच जाते. ती जिभेच्या चेतेला जोडली तर नव्या जिभेला काही महिन्यांनी गरम-थंड कळू लागतं. चव मात्र येत नाही. अख्खा खालचा ओठ करायचा असेल तर पामारिस लाँगस नावाची बारीक कंडरा बरोबर घेतात आणि ती दोन्ही गालांच्या बाजूंना अशी ताणून बांधतात की ओठ लोंबणार नाही, लाळ गळणार नाही. ही कंडरा तुमच्यात आहे का ते आत्ता बघता येईल. अंगठा आणि करंगळीची टोकं जुळवा, मनगट थोडं आत वाकवा. मधोमध बारीक दोरी उठली तर आहे. साधारण सात माणसांत एकात ती नसतेच, आणि नसली तरी हाताचं काही अडत नाही.

हाड घेणं मात्र अवघड प्रकरण आहे. रेडियल धमनीच्या काही फांद्या खाली रेडियस हाडालाही जातात, म्हणून जबड्याची लहान तूट भरायला हाडाची १० ते १२ सेंटिमीटरपर्यंतची चिपटी कातडीबरोबर निघते. जाडीच्या फार तर एक तृतीयांश ते ४० टक्के. त्याहून जास्त घेतलं की उरलेलं हाड हात टेकताच मोडतं. पूर्वी हे मोडणं या शस्त्रक्रियेच्या पाचवीलाच पुजलेलं होतं. मग चिपटीची टोकं काटकोनात न कापता नावेसारखी उतरती कापायची पद्धत आली, आणि आता तर उरलेल्या हाडाला आधीच प्लेट ठोकतात. जबड्यासाठी पायाचं फिब्युला हाड हाताशी असताना हा खटाटोप क्वचितच करावा लागतो.

एका ठिकाणी या फ्लॅपची गाठ पुन्हा पुण्याच्या त्या जुन्या रीतीशी पडते. पूर्ण नाक गेलं असेल तर आज बाहेरून कपाळाची कातडी आणतात, मधे बरगडीच्या कूर्चेचा सांगाडा घालतात, आणि नाकपुड्यांच्या आतल्या अस्तरासाठी अग्रबाहूची पातळ कातडी वापरतात. कावसजीच्या काळी या अस्तराचीच उणीव होती. आतून उघडी राहिलेली कातडी आक्रसत जाते आणि नाकपुड्या बुजत येतात.

मानेतल्या जोडणीबद्दल थोडक्यात. धमनी जोडतात चेहऱ्याकडं किंवा थायरॉइडकडं जाणाऱ्या धमनीला, शीर गळ्याच्या मोठ्या शिरेला किंवा तिच्या फांदीला. टाके केसाहून बारीक नायलॉनचे, एका वाहिनीला आठ-दहा. त्यानंतरचे दोन-तीन दिवस दर तासाला कुणीतरी टॉर्च घेऊन तोंडात बघतं. फ्लॅप फिका आणि थंड पडला तर धमनी अडली. निळसर, फुगलेला आणि टोचल्यावर काळपट रक्त भळभळलं तर शीर. शिरेची अडचण जास्त वेळा येते. लगेच टेबलावर नेलं तर बरेच फ्लॅप वाचतात, म्हणून रात्री तीनला फोन करणाऱ्या निवासी डॉक्टरला कुणी रागावत नाही, निदान रागावू नये. अनुभवी केंद्रांत शंभरातले ९५हून जास्त फ्लॅप जगतात.

गेल्या काही वर्षांत मांडीच्या बाहेरच्या अंगाची कातडी या फ्लॅपची प्रतिस्पर्धी म्हणून पुढं आली आहे. तीही चीनमधूनच, १९८४ची. तिचे फायदे उघड आहेत : कुठलीही मुख्य धमनी द्यावी लागत नाही, जखम सरळ रेषेत शिवून टाकता येते, वण कपड्याखाली राहतो. पूर्ण गाल आतून-बाहेरून गेला असेल तर ती जास्त भरीव आणि सरसही ठरते. पण तिच्या फांद्या बहुधा स्नायूतून वाट काढत येतात आणि प्रत्येक माणसात वेगळ्या जागी निघतात. हातासारखा ठरलेला पडदा तिथं भरवशाचा नसतो. आणि मांडीवर चरबी असते. अंगानं भरलेल्या रुग्णात तो फ्लॅप दोन-अडीच सेंटिमीटर जाड निघतो. अर्ध्या जिभेच्या किंवा टाळूच्या जागी तेवढा ऐवज मावत नाही, दातांखाली येतो, बोलणं जड होतं. मग तो पातळ करायला पुढं आणखी एक ऑपरेशन लागतं. आणि रेडिएशन संपवून, वजन गमावून, अजून पेजेवर असलेल्या माणसाला पुन्हा टेबलावर न्यायला तोही तयार नसतो आणि त्याच्या घरचेही.